वाळूत रुतलेले चाक

बंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेले शहर. तेथे सरोवरे आहेत, बागा आहेत, पण समुद्र नाही. मंगळूरचा किनारा गाठायचा तर घाट उतरून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो आणि गोकर्ण, कारवार किंवा त्यापुढे गोवा व कोकण गाठायचे तर त्याहूनही अधिक. म्हणूनच जोडून सुट्या आल्या की या शहरातून समुद्राच्या दिशेने निघालेल्या वाहनांची रांग लागते. अलीकडे या रांगेत कॅम्पर व्हॅनही दिसू लागल्या आहेत. आत झोपण्याची जागा, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी असलेली ही गाडी म्हणजे चाकांवरचे घरच होय. त्यातून ती फोर व्हील ड्राइव्हची असली, म्हणजे तिच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असली, की आपण कोठेही जाऊ शकतो असा विश्वास चालकाला वाटू लागतो.

रात्रभर गाडी चालवून पहाटे किनाऱ्यावर पोहोचलेल्या माणसाला समोर पसरलेली पुळण मैदानासारखी सपाट दिसते. डांबरी रस्ता संपतो, सुरूच्या झाडांमधून वाट जाते आणि गाडी वाळूवर उतरते. पहिले पन्नास पावलांचे अंतर ती सहज कापते. मग इंजिनाचा आवाज जड होतो, वेग कमी होतो, चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. मिनिटभरात गाडीचे पोट वाळूला टेकते. अशा प्रसंगांच्या बातम्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नड या सर्वच किनाऱ्यांवरून वारंवार येत असतात. गाडी दणकट असते, चालकही नवखा नसतो. तरीही असे का घडते, हे समजण्यासाठी आधी वाळूची ओळख करून घ्यावी लागेल.

वाळू म्हणजे खडकांच्या आणि शिंपल्यांच्या झिजेतून तयार झालेले कण. मातीच्या ढेकळात कण एकमेकांना चिकटलेले असतात. कोरड्या वाळूत तसे काहीच नसते. मूठभर कोरडी वाळू हातातून सोडली तर तिचा ढीग होतो आणि त्या ढिगाचा उतार साधारणपणे तीस ते पस्तीस अंशांवर थांबतो. त्याहून उभा ढीग करू गेल्यास वाळू घसरते. तो उतार टिकतो तो केवळ कणाकणांमधील घर्षणामुळे. घर्षण किती, हे वरून पडणाऱ्या दाबावर अवलंबून असते. जितका दाब अधिक, तितके कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. ज्याच्या नावाने आज विद्युतभार मोजला जातो, त्या फ्रेंच अभियंता कूलोम याने १७७३ मध्ये तटबंदीच्या भिंतींचा विचार करताना हा नियम मांडला. वाळूच्या अगदी वरच्या थरावर दाब नसतो, म्हणून तो थर सर्वांत दुबळा असतो. आणि चाकाची गाठ पहिल्यांदा पडते ती नेमकी त्याच थराशी.

वाळूत थोडे पाणी शिरले की चित्र बदलते. कणांमधील फटींत पाण्याचे सूक्ष्म पडदे तयार होतात आणि पृष्ठताणामुळे ते शेजारच्या कणांना एकमेकांकडे ओढतात. मुले किनाऱ्यावर किल्ले बांधतात ते याच बळावर. कोरड्या वाळूचा बुरूज कधी उभा राहत नाही, ओलसर वाळूचा राहतो. ओहोटीनंतर उघडा पडलेला पुळणीचा मधला पट्टा असाच ओलसर आणि घट्ट असतो. त्यावर पाऊल ठेवले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. हे अनेकांनी पाहिलेले असते, पण त्याचे कारण फारसे कोणी शोधत नाही. ऑसबर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते सांगितले. दाटीवाटीने बसलेल्या कणांना हलायचे असेल तर एकमेकांवर चढावे लागते. त्यामुळे त्यांच्यामधील पोकळी वाढते, पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळीत खेचले जाते आणि वरचा थर कोरडा दिसतो. दाबाखाली फुगू पाहणारी ही वाळू पावलाला कणखर विरोध करते.

परंतु पाणी आणखी वाढून प्रत्येक फट काठोकाठ भरली की पाण्याचे पडदे उरत नाहीत आणि कणांना एकत्र ओढणारे बळही संपते. लाटेच्या अगदी कडेला गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवले, तर त्या कंपनांनी चाकाखालची वाळू घट्ट राहण्याऐवजी पाण्यासारखी वागू लागते. त्यातच परतणारी प्रत्येक लाट चाकाच्या दोन्ही बाजूंनी वाळू उकरून नेते. उथळ पाण्यात उभे राहिलेल्या माणसाच्या टाचांखालची वाळू सरकते, तसेच हे आहे. फरक इतकाच की माणूस पाय उचलतो, गाडीला ते जमत नाही. अशा रीतीने एकाच किनाऱ्यावर तीन प्रकारची वाळू असते. वर कोरडी आणि भुसभुशीत, मध्ये ओलसर आणि घट्ट, खाली भिजलेली आणि फसवी. मधल्या घट्ट पट्ट्यावर पोहोचण्यासाठी वरचा पट्टा ओलांडावाच लागतो आणि बहुतेक गाड्या तेथेच अडकतात.

आता चाकाकडे वळू. सर्व सामानासह एखाद्या कॅम्पर व्हॅनचे वजन २८०० किलोग्रॅम आहे असे धरले, तर प्रत्येक चाकावर साधारण ७०० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये ३५ पौंड हवा भरलेली असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलोग्रॅम होतो. टायरची रबरी भिंत थोडा भार उचलते, तो सोडून दिला तर टायर जमिनीला जेवढ्या दाबाने भिडतो तो दाब आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. म्हणजे ७०० किलोग्रॅमचा भार सुमारे २८० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकलेला असतो. ही जागा किती? दोन पोस्टकार्डे शेजारी शेजारी ठेवली तर होते, त्याहून किंचित मोठी. एवढी अवजड गाडी चार ठिकाणी अवघ्या दोन-दोन पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते. याउलट साठ किलोग्रॅम वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा असताना दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोग्रॅमही भार देत नाही. तो जेथून सहज चालत गेला तेथून गाडीही जाईल, हा अंदाज म्हणूनच चुकतो.

हवा निम्मी केली तर ती जागा जवळजवळ दुप्पट होते. टायर रुंदीत थोडा पसरतो, पण मुख्यतः लांबीत पसरतो आणि वाळूवर लहानशा पट्ट्यासारखा टेकतो. भार तितकाच राहतो, दाब मात्र निम्म्यावर येतो आणि चाक कमी खोल रुतते. वाळवंटात उंट सुखाने चालतो तो त्याच्या पसरट, गादीसारख्या तळव्यांमुळे; टायरमधील हवा कमी करणे म्हणजे चाकाला उंटाचा तळवा देणेच होय. वाळूवर उतरण्यापूर्वी हे काम दहा मिनिटांत होते. तरीही ते टाळले जाते, कारण पुन्हा हवा भरण्याचा पंप बहुतेकांच्या जवळ नसतो आणि पन्नास पावलांनी काय होणार, असे वाटते.

फोर व्हील ड्राइव्हविषयीही एक गैरसमज आहे. चारही चाकांना शक्ती मिळाली की गाडीला पुढे ढकलणारी चाके दुप्पट होतात, हे खरे. परंतु वाळूचा मऊपणा त्यामुळे कमी होत नाही आणि गाडीचे वजन तर उलट वाढते. चाक पुढे ढकलते ते वाळूला मागे रेटून. वाळू जेवढा विरोध करते तेवढीच गाडी पुढे सरकते. चाक हळू फिरले तर कण एकमेकांना धरून राहतात. ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर त्यांची पकड सुटते, चाक वाळू मागे फेकते आणि स्वतःसाठी खड्डा खणते. चाक खड्ड्यात गेले की पुढे वाळूचा बांध उभा राहतो आणि गाडीला सतत चढण चढल्यासारखे होते. वळणे सोपे जावे म्हणून गाडीत डिफरन्शियल ही दंतचक्रांची योजना केलेली असते. तिच्यामुळे एकाच आसावरील दोन चाकांपैकी ज्याला अडथळा कमी तेच चाक अधिक फिरते. त्यामुळे चारपैकी एखादे चाक मोकळे होऊन गरगरत राहते आणि घट्ट जमिनीवर असलेली चाके स्तब्ध राहतात. काही गाड्यांत डिफरन्शियल जखडून ठेवण्याची सोय असते, ती येथे उपयोगी पडते. पण गाडीचे पोट एकदा वाळूवर टेकले की सगळा भार पोटावर जातो, चाकांवर भार राहत नाही, आणि भार नाही तेथे घर्षण नाही. मग चार चाके फिरोत की आठ, फरक पडत नाही.

वाळूत गाडी चालवण्याचे हे शास्त्र प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रवासात जन्माला आले. ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन ईजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात दूरवर प्रवास केले. मध्यंतरी काही वर्षे तो हिंदुस्थानातही नेमणुकीवर होता. त्याच्या मोटारींना फोर व्हील ड्राइव्ह नव्हते. टायरमधील हवा कमी करणे आणि रुतलेल्या चाकाखाली पन्हळीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या सरकवणे, या दोन साध्या युक्त्यांनी त्याने वाटेतील वाळूचे डोंगर पार केले. पुढे वाळूचा कण वाऱ्याने कसा उडतो, टेकडी कशी बनते, याचा अभ्यास करून त्याने १९४१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो आजही अभ्यासला जातो. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या सैनिकी तुकडीने उत्तर आफ्रिकेच्या युद्धात याच युक्त्या वापरल्या. अशाच कामासाठी १९४१ मध्ये भारतीय सैनिकांचे पथकही तयार करण्यात आले. मंगळावरील ज्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास क्युरिऑसिटी या फिरत्या यानाने केला, त्यांना बॅग्नोल्डचेच नाव दिलेले आहे.

मंगळाचा उल्लेख येथे उगाच आलेला नाही. स्पिरिट हे अमेरिकेचे फिरते यान २००४ मध्ये मंगळावर उतरले आणि पाच वर्षांनी, २००९ च्या मे महिन्यात, वरून घट्ट दिसणाऱ्या पापुद्र्याखालच्या मऊ मातीत रुतले. पृथ्वीवर तशीच माती पसरून, तसेच यान तिच्यात रुतवून अभियंत्यांनी सुटकेच्या अनेक युक्त्या तपासल्या. तथापि यान सुटले नाही. २०१० च्या जानेवारीत तो प्रयत्न सोडून देण्यात आला आणि मार्चनंतर त्याचा संदेशही आला नाही. तेथे फावडे घेऊन जाणारा कोणी नव्हता.

हाच प्रश्न बंगळुरातील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अभियंत्यांपुढे होता. चंद्राचा पृष्ठभाग पिठासारख्या बारीक धुळीने माखलेला आहे. त्यावर प्रज्ञान ही सहा चाकांची, अवघ्या २६ किलोग्रॅमची गाडी चालवायची होती. सरावासाठी चंद्रासारखी माती हवी होती आणि ती परदेशातून आणणे फार खर्चाचे होते. तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात, सित्तमपूंडी आणि कुन्नमलै या गावांच्या परिसरात, चंद्रावरील उंच प्रदेशांतील खडकाशी साम्य असलेला ॲनॉर्थोसाइट हा खडक सापडतो. तो दळून अनेक टन कृत्रिम चंद्रमाती बनवण्यात आली आणि बंगळुरातील केंद्रात ती पसरून चाचणीचे अंगण तयार झाले. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश आहे. म्हणून हेलियमच्या फुग्याने गाडी वर तोलून धरली गेली, म्हणजे तिचा भार चंद्रावर असेल तेवढाच मातीवर पडेल. समुद्र नसलेल्या या शहरात वाळूत चाक का रुतते याचा इतका बारकाईने विचार झालेला आहे, हे तेथील किती रहिवाशांना ठाऊक असेल?

कमी भारामुळे चंद्रावर चाक रुतणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. पण कूलोमचा नियम आठवावा. भार कमी म्हणजे रुतणे कमी, तसेच घर्षणही कमी. प्रज्ञानच्या प्रत्येक चाकावर चंद्रावर पाऊण किलोग्रॅमपेक्षाही थोडा कमी भार येणार होता. म्हणून तिची गती सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर इतकी मंद ठेवण्यात आली. चांद्रयान-२ चे अवतरण ७ सप्टेंबर २०१९ रोजी अयशस्वी झाल्याने ती गाडी चाललीच नाही. चांद्रयान-३ मात्र २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुखरूप उतरले. चार दिवसांनी प्रज्ञानसमोर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. तो तीन मीटर अंतरावरूनच दिसला आणि गाडीला मागे वळण्याची आज्ञा देण्यात आली. शंभर मीटरहून थोडे अधिक अंतर चालून ती थांबली, पण कोठेही रुतली नाही.

किनाऱ्यावर रुतलेल्या गाडीच्या चालकाने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे ॲक्सिलरेटरवरील पाय काढणे. चाक जितके अधिक फिरेल तितके काम वाढेल. सर्वांनी खाली उतरावे. कॅम्पर व्हॅनच्या टाकीत शंभर लिटर पाणी असेल तर शंभर किलोग्रॅम भार तेथेच आहे. पिण्यापुरते ठेवून ते सोडून द्यावे आणि गॅसची टाकी बंद करावी. नंतर फावड्याने, नसेल तर ताटलीने, आधी गाडीच्या पोटाखालची आणि मग प्रत्येक चाकापुढची वाळू काढावी. चाकापुढे उतरती चढण झाली पाहिजे, पायरी नव्हे. टायरमधील हवा निम्म्यावर आणावी. जॅक लावायचा तर त्याखाली फळी हवी, अन्यथा गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. चाकापुढे फळ्या, गोणपाटे किंवा नारळाच्या झावळ्या दाबून घालाव्यात. कोकणातील मच्छीमार होडी वाळूवर ओढताना खाली लाकडी ओंडके घालतात. वाळूवर भार सोपवण्याआधी मध्ये काहीतरी घालायचे, हे शहाणपण तेथे फार जुने आहे. मग गाडी हळूच, शक्यतो आलेल्याच चाकोरीतून मागे घ्यावी, कारण ती वाळू आधीच दाबली गेलेली असते. ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास दोर गाडीच्या सांगाड्याच्या कडीलाच बांधावा, बंपरला नव्हे, आणि ताणलेल्या दोरापासून सर्वांनी दूर राहावे. तुटलेला दोर जीवघेणा ठरतो.

हे सर्व करायला वेळ लागतो आणि किनाऱ्यावर वेळ समुद्राच्या हाती असतो. दोन भरतींमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणजे तळाच्या ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सहा तासांच्या आसपास. कारवार-गोव्याकडे पाणी उधाणाच्या दिवशी सुमारे दोन मीटर चढते. ही उंची थोडी वाटते. पण तीस मीटरला एक मीटर इतका मंद उतार असेल, तर पाणी साठ मीटर आत येते. कोकणात तिथीवरून भरतीचा अंदाज करण्याची रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा अंदाज स्थूल असला, तरी रुतलेल्या गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला मदत बोलवायची की आणखी तासभर खणत राहायचे, हे ठरवण्यास तो पुरेसा आहे. पाणी चाकांपर्यंत आले तर माणसांनी सामानाचा मोह सोडून वर यावे.

आणि ज्या कोरड्या पट्ट्यात गाड्या रुततात, तेथे दुसरेही कोणी असते. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्याच्या रात्री भरतीरेषेच्या वर येऊन हातभर खोल खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि वाळू लोटून निघून जातात. सुमारे पन्नास दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर असतात. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ही घरटी राखण्याचे काम केले. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे आणि उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरही कासवे येतात. चाकाखाली घरटे आले तर वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. जी वर येतात ती उजळ क्षितिजाकडे, समुद्राच्या दिशेने, सरपटत निघतात. बोटाएवढ्या लांबीच्या पिल्लाला टायरची चाकोरी म्हणजे खंदक असतो. त्यात पडलेले पिल्लू समुद्राऐवजी चाकोरीच्या लांबीने चालत राहते आणि तोपर्यंत कावळे, कुत्रे पोहोचलेले असतात. मर्यादवेलीसारख्या वनस्पतींनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्याही चाकांनी मोडतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे आणि तेथील पोलीस अशा चालकांवर गुन्हे नोंदवतात. सुरूच्या बनाबाहेर, घट्ट जमिनीवर गाडी उभी करून शेवटची शंभर पावले चालत गेले, तर हा लेख वाचण्याची गरजही उरत नाही.

सुटका झालेली गाडी रस्त्यावर आली की प्रथम टायरमध्ये हवा पुन्हा भरावी. कमी हवेचा टायर डांबरी रस्त्यावर वेगाने चालवल्यास तापतो आणि फुटतो. त्यानंतर गाडीचा खालचा भाग, चाकांच्या आतल्या बाजू आणि ब्रेक गोड्या पाण्याने भरपूर धुवावेत. मीठ लगेच दिसत नाही. पठारावर परतल्यावर, पहिल्या पावसानंतर, गंज दिसू लागतो.